वारशाचा हिशेब : 'रोग लेगसी' या खेळाची मीमांसा

वंशकथा ही कादंबरीचीच मिरास आहे, असे आपण फार दिवस धरून चाललो आहोत. एका घराण्याच्या तीन-चार पिढ्या, त्यांना कवटाळून उभी असलेली एक वास्तू, आणि त्या दोहोंवरून सरकत जाणारा काळ, एवढ्या सामग्रीतून युरोपीय कादंबरीने आपली काही श्रेष्ठ शिल्पे घडविली. टॉमस मान यांच्या 'बुडेनब्रोक्स' (१९०१) मध्ये ती वास्तू अखेर परक्याच्या हाती जाते, आणि घराण्याच्या वहीत आपल्या नावाखाली रेघ ओढणारा कोवळा हान्नो शेवटचा वंशज ठरतो. त्या रेघेत कादंबरीचा सारा आशय सामावला आहे. काळ हा क्षय करणारा आहे, आणि घराण्याची कथा म्हणजे त्या क्षयाची कथा, ही जाणीव वंशकथेच्या मुळाशी असते.

हाच विषय एका सर्वस्वी निराळ्या माध्यमाने हाताळला, आणि त्याची दिशा उलटी फिरविली, म्हणून त्याची दखल घ्यावीशी वाटते. 'रोग लेगसी' हा संगणकावर खेळावयाचा खेळ कॅनडातील टोरोंटो येथील सेलर डोअर गेम्स या छोट्या संस्थेने जून २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. टेडी ली व केनी ली हे दोघे भाऊ त्याचे प्रमुख कर्ते. मध्ययुगीन अद्‌भुतकथेचे वातावरण, तलवार, जादू, शापित किल्ला, असा त्याचा बाह्य साज आहे. त्यात नवे काही नाही. नवे आहे ते त्याचे मरणाविषयीचे आणि वारशाविषयीचे म्हणणे. ते म्हणणे शब्दांतून जवळजवळ येत नाही. नियमांतून येते. समीक्षेपुढील अडचण तीच, आणि आकर्षणही तेच.

असल्या करमणुकीला वाङ्मयीन समीक्षेत स्थान काय, असा प्रश्न काहीजण अवश्य विचारतील. हायझिंगा यांनी १९३८ मध्ये क्रीडा हे संस्कृतीचे एक मूलद्रव्य म्हणून मांडले. रॉजे काय्वा यांनी १९५८ मध्ये खेळांचे स्पर्धा, दैव, सोंग आणि घेरी असे चार वर्ग पाडले. हा वाद तेव्हापासून पुष्कळ पुढे गेला आहे आणि येथे त्यात शिरण्याचे प्रयोजन नाही. ज्या कृतीत आशय आणि घाट एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत, तिच्याजवळ समीक्षकाने जावे, एवढे पुरेसे आहे. अट एकच : ती कृती स्वतः खेळून पाहिली पाहिजे. दुसऱ्याचा खेळ पाहून मत देणे हे संहिता न वाचता केवळ कथासार ऐकून नाटकाविषयी बोलण्यासारखे होईल.

प्रथम नावाचा विचार करू, कारण भाषांतरकाराला नावापाशी थांबण्याची खोड असते. इंग्रजीत या खेळाच्या नावातील पहिला शब्द भामट्याचा, लफंग्याचा वाचक आहे. पण येथे तो त्या अर्थाने आलेलाच नाही. तो एका जुन्या खेळाचे नाव आहे, आणि आपण त्याच्या कुळातले आहोत हे सांगण्यासाठी या खेळाने ते धारण केले आहे. जसे एखाद्याने आडनाव लावावे. हाच शब्द देवनागरीत उतरविला की त्याचा 'रोग' होतो. मराठीत किंवा हिंदीत हे शीर्षक प्रथम वाचणाऱ्यास ते 'रोगाचा वारसा' असेच दिसणार. टोरोंटोच्या या दोघा भावांना या श्लेषाची कल्पना असण्याचे कारण नाही. पण खेळात शिरल्यावर ध्यानी येते की येथे एका पिढीकडून पुढच्या पिढीकडे दोनच गोष्टी जातात : वाडा, आणि व्याधी. लिपीने अजाणता जे सांगितले, ते खेळाच्या अगदी गाभ्याचे आहे.

ज्या पूर्वजाचे हे आडनाव, तो 'रोग' मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन या दोघा विद्यार्थ्यांनी १९८० च्या सुमारास कॅलिफोर्नियात रचला. पुढे केन आर्नल्ड त्यांना येऊन मिळाले. चित्र म्हणून त्यात काही नव्हतेच. पडद्यावरील अक्षरे हीच त्याची सृष्टी. रोमन लिपीची सव्वीस मोठी अक्षरे ही सव्वीस प्रकारची भुते, आणि नायक म्हणजे आज पत्रव्यवहाराच्या पत्त्यात आपण रोज वापरतो ते वाटोळे चिन्ह. तळघराखाली तळघर अशी रचना दर खेपेस यंत्र नव्याने करी. तिच्या तळाशी एक ताईत असे; तो घेऊन नायकाने वर परतावयाचे. परंतु या खेळाचे खरे वैशिष्ट्य त्याच्या कठोरपणात होते. नायक मेला की तो मेला. मध्येच खेळ थांबवून तो जपून ठेवता येत असे, पण पुन्हा उघडताच जपलेली प्रत नाहीशी होई, म्हणजे मरणाच्या अलीकडच्या क्षणावर माघारी फिरण्याची सोय उरत नसे. अक्षरांच्या या दरिद्री रंगभूमीवर मरणाला जेवढी किंमत होती, तेवढी पुढच्या कितीतरी वैभवशाली खेळांना देता आली नाही. या कुळात पुढे जे खेळ जन्मले त्यांना 'रोगलाइक', म्हणजे रोगसदृश, असे नाव पडले. त्यांतील १९८७ च्या 'नेटहॅक' मध्ये तर एक विलक्षण सोय होती : नव्या नायकाला तळघरात एखाद्या जुन्या, मेलेल्या नायकाचे भूत आणि त्याच्या मागे उरलेल्या वस्तू कधीकधी आढळत. मेलेल्याचे काही मागे उरते ही जाणीव तेथे होती, पण ती अपघातासारखी. तो वारसा नव्हता. सापडलेली हाडे होती.

'रोग लेगसी' ने या हाडांची वंशावळ केली.

खेळाचे चक्र थोडक्यात असे आहे. घराण्याचा एक वारस किल्ल्यात शिरतो, लढतो, सोने गोळा करतो आणि मरतो. बहुधा फार लवकर मरतो. मग पडद्यावर त्याच्या मरणाची नोंद येते : अमुक अमुक यास अमुक शत्रूने मारले. त्याने ज्यांना मारले ते शत्रूही तेथे एकामागून एक हजर होतात. त्यानंतर घराण्यातील व्यक्तिचित्रांची ओळ समोर येते. डावीकडे आजवरचे सारे मृत पूर्वज, आणि उजव्या टोकाला तीन नवे वारस. तिघांपैकी एक निवडावयाचा. प्रत्येकाची वृत्ती वेगळी, कोणी सरदार, कोणी मांत्रिक, कोणी खाणकामगार. प्रत्येकाच्या देहात काही ना काही गुण वा व्यंग. निवड झाली की पूर्वजाने कमावलेले सोने वाड्यावर खर्च करावयाचे. येथे वाडा ही केवळ उपमा नाही. नव्या शक्ती, नवी कौशल्ये, नवे सेवक विकत घेतले की पडद्यावर खरोखर एकेक दालन, एकेक बुरूज उभा राहतो. मग किल्ल्याच्या दाराशी कॅरन भेटतो. ग्रीक पुराणात मृतांना नदीपार नेणारा जो नावाडी, तोच हा. आपल्याकडे वैतरणी ओलांडावयास गाय लागते; तेथे मृताच्या मुखात नाणे ठेवीत. येथे मात्र कॅरन जिवंताला अडवतो आणि त्याच्याजवळ उरलेले सारे सोने काढून घेतो. पुढे वाड्यावर खर्च करून हा कर थोडाफार कमी करता येतो, पण नियम तोच राहतो. आत शिरणाऱ्याने रिकाम्या हाताने शिरावे.

या एका कल्पनेचे मोल फार मोठे आहे. कॅरन नसता तर खेळाडूने सोने साठविले असते, आणि दहा पिढ्यांनंतर एखादी मोठी गोष्ट एकदम घेतली असती. म्हणजे धन हे धन म्हणूनच पिढ्यान्‌पिढ्या वाहत राहिले असते. कॅरनमुळे ते अशक्य होते. बापाची कमाई मुलाला पैशाच्या रूपाने मिळतच नाही. ती दगडात, विटांत, बुरुजांत घातली तरच त्याच्या कामी येते. नाही घातली तर वाया जाते. दोन ओळींच्या या नियमाने 'संपत्ती' आणि 'वारसा' यांतील भेद असा स्पष्ट केला आहे की एखाद्या कादंबरीकाराला त्यासाठी चार प्रकरणे खर्ची घालावी लागतील. मराठीत 'वारसा' आणि 'मिरास' हे दोन्ही शब्द अरबीच्या एकाच धातूपासून आलेले. पण 'मिरास' म्हटले की आपल्या कानाला जमीन ऐकू येते, नाणे नव्हे. 'लेगसी' या शब्दाने येथे जे सुचविले आहे ते मिराशीच्या जवळचे आहे.

येथे भारतीय वाचकाच्या मनात एक शब्द साहजिकच येईल : पुनर्जन्म. मरावे, पुन्हा जन्मावे, मागील आयुष्याची पुंजी पुढे न्यावी. मग हा खेळ म्हणजे आपलाच जुना विचार नव्या वेषात, असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. पुनर्जन्माच्या कल्पनेत आत्मा तोच असतो, देह बदलतो, आणि संचित त्या आत्म्याला चिकटलेले असते. येथे प्रत्येक वारस स्वतंत्र माणूस आहे. त्याच्या बापाचे पुण्य वा पाप त्याला चिकटत नाही. त्याला मिळतो तो वाडा. ज्ञानदेवांच्या नावाशी परंपरेने जोडल्या जाणाऱ्या मोक्षपटाशी याची तुलना केली म्हणजे फरक कळेल. मोक्षपटावरील सोंगटी एकाच जीवाची असते. सापाने गिळले तरी ती तीच सोंगटी राहते, फक्त खाली येते. 'रोग लेगसी' मध्ये सोंगटी पटावरून कायमची उचलली जाते आणि दुसरी मांडली जाते. कर्मविपाकापेक्षा याचे नाते धर्मशास्त्राच्या दायविभाग-प्रकरणाशी अधिक आहे. विज्ञानेश्वराच्या मिताक्षरेनुसार वडिलोपार्जित मिळकतीत पुत्राचा हक्क जन्मतःच निर्माण होतो; जीमूतवाहनाच्या दायभागानुसार तो पित्याच्या मरणानंतरच उत्पन्न होतो. हा खेळ त्या दृष्टीने कट्टर दायभागी आहे, कारण पूर्वज मेल्याखेरीज वारस अस्तित्वातच येत नाही. बंगालच्या वाचकांना हे वाचून गंमत वाटेल.

तरीही पुनर्जन्माची आठवण सर्वस्वी चुकीची नाही. ती कोठे लागू पडते हे पाहण्यापूर्वी व्यंगांचा विचार केला पाहिजे, कारण या खेळाचे सामर्थ्य आणि त्याचा दोष ही दोन्ही तेथे एकत्र सापडतात.

तीन वारसांपैकी एक रंगांध असतो. त्याला निवडले तर सारा किल्ला कृष्णधवल दिसू लागतो. खेळाडूच्या स्वतःच्या डोळ्यांसमोरचे रंग नाहीसे होतात. दुसऱ्याला जवळचे धूसर दिसते, आणि पडद्याचा तेवढा भाग धूसर होतो. एकाला भोवळीचा विकार आहे. त्याच्यासाठी अख्खे जग उलटे टांगले जाते, छत खाली आणि जमीन वर. एकाला स्मृतिभ्रंश आहे. त्याला किल्ल्याचा नकाशा दिसत नाही. एकाचे हृदय उजवीकडे आहे, तर त्याच्या प्राणशक्तीचे व मंत्रशक्तीचे आकडे अदलाबदल झालेले. एका रोगभ्रमी वारसाला शत्रूचा साधा फटका बसला तरी त्याच्या जखमेचा आकडा भलताच फुगवून दाखविला जातो. आणि ज्याच्या पायांत नाडीच लागत नाही, अशा एका वारसाच्या पावलाखाली जमिनीतील काटे उगवतच नाहीत, कारण सापळ्याला त्याची चाहूल लागत नाही.

ही शेवटची दोन उदाहरणे मुद्दाम दिली. पायाची नाडी न लागणे हे वैद्यकात दुखणे आहे. किल्ल्यात तेच कवच ठरते. रोगभ्रम हा विकार मनाचा, आणि तो येथे आकड्यांच्या अतिशयोक्तीतून व्यक्त झाला आहे. खेळाचे जे सर्वांत वस्तुनिष्ठ अंग, म्हणजे संख्या, तेच येथे खोटे बोलू लागते. कादंबरीतील अविश्वसनीय निवेदकाविषयी आपण पुष्कळ लिहितो. येथे अविश्वसनीय आहे तो आकडा. या ठिकाणी माध्यमाची स्वतःची अशी वाणी ऐकू येते. दुसऱ्याचे व्यंग वर्णन करून सांगणे हा साहित्याचा मार्ग. ते व्यंग वाचकाच्या इंद्रियांवर लादणे साहित्याला शक्य नाही. उलट्या जगातून दहा दालने पार करताना हात चुकतात, डावे-उजवे कळेनासे होते, आणि त्या वारसाविषयी जी जाणीव निर्माण होते तिच्यात दयेचा अंश नसतो. ती सहकंपाची जाणीव असते. बा. सी. मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य' मध्ये संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांची जी मांडणी केली, ती या प्रकारच्या कृतीला किती लागू पडेल हा स्वतंत्र विषय आहे. पण हातांना सवयीची झालेली लय अचानक उलटी करणे, आणि त्या विरोधातून नवा समतोल शोधावयास लावणे, हे येथे प्रत्यक्ष बोटांत घडते, एवढे नोंदवून ठेवते.

परंतु याच यादीत उथळपणाही भरपूर आहे. पोटाच्या विकारावरचा विनोद, फटका बसला की शिव्या ओकणारा वारस, टक्कल : हे सारे शाळकरी थट्टेच्या पातळीवरचे. त्याहून आक्षेपार्ह गोष्ट अशी की समलिंगी असणे हेही या यादीत एक 'लक्षण' म्हणून घातले आहे. खेळावर त्याचा काहीही परिणाम होत नाही, आणि कर्त्यांच्या बाजूने असे म्हणता येईल की परिणाम न होणे हेच त्यांचे विधान आहे : लढणाऱ्याला याने काय फरक पडतो? हे मान्य केले तरी, व्याधींच्या रांगेत ते नाव बसविल्याने जे सुचते ते परिणामशून्यतेने पुसले जात नाही. यादी ही निरागस रचना नसते. कोणाला कोणाशेजारी उभे केले आहे, यातूनच ती बोलते. मुळात प्रश्न असा की ही व्यंगे घराण्यातून खाली उतरतात काय? तर नाही. ती प्रत्येक वेळी दैवाने नव्याने पाडलेल्या फाशांसारखी येतात. बापाची रंगांधता मुलाकडे जात नाही. म्हणजे ज्या खेळाच्या नावात वारसा आहे, त्यात देहाचा वारसा कोठेच नाही; वारसा आहे तो फक्त मिळकतीचा. मान यांच्या कादंबरीत कुजणारे दात आणि नाजूक मज्जातंतू पिढीगणिक खाली झिरपतात. येथे तसे काही घडत नाही. वाड्यावर पैसे खर्च करून तिन्ही वारस पुन्हा एकदा उलथेपालथे करून मागण्याची सोयही मिळविता येते. नशिबाने दिलेली मुले परत करून दुसरी मागावी! या एका सोयीने त्या चित्रांच्या ओळीतील गांभीर्य मला फार कमी झाल्यासारखे वाटते. २०२२ मध्ये पूर्णत्वास गेलेल्या दुसऱ्या भागात कर्त्यांनी याच्या उलट उपाय केला : जे व्यंग खेळ कठीण करते त्याच्या बदल्यात अधिक सोने देऊ केले. खेळाडू मग कठीण वारस आनंदाने घेतो. पण व्यंगाची किंमत सोन्यात ठरली की त्याची अनुभूती उरते कितीशी?

आता हिशेबाकडे वळू. वाड्याच्या बाबतीत असा नियम आहे की प्रत्येक खरेदीबरोबर बाकीच्या खरेद्यांची किंमत वाढते. त्यामुळे आरंभीच्या पिढ्यांची थोडीशी कमाईही मोलाची असते, तर मधल्या पिढ्यांना पुष्कळ कमावूनही एखादीच वीट चढविता येते. खेळाचा हा मधला भाग मला सर्वांत रखरखीत आणि, काहीशा अनपेक्षित अर्थाने, सर्वांत खरा वाटला. या टप्प्यावर खेळाडू खाणकामगार वारस निवडू लागतो. हा लढण्यात दुबळा, पण त्याला सोने इतरांपेक्षा अधिक मिळते. त्याला किल्ल्यात पाठविताना तो जिंकेल अशी आशाच नसते. त्याने चार पेट्या फोडाव्यात आणि मरावे. एका सबंध आयुष्याचे प्रयोजन मजुरी एवढेच. आपल्याकडे कुलवृत्तांत छापले गेले आहेत, त्यांत पानेच्या पाने अशा नावांची असतात की ज्यांच्यापुढे जन्मसाल आणि मृत्युसाल यांखेरीज काही नसते. त्या ओळींकडे आपण कधी लक्ष देत नाही. चित्रांच्या ओळीत मागे सरकत गेले की माझ्या घराण्यातले असे कितीतरी खाणकामगार दिसतात, आणि त्यांतील एकाचेही नाव मला आठवत नाही. खेळ त्याविषयी भाष्य करीत नाही. ते बरेच आहे.

पण येथेच एक मूलभूत प्रश्न उद्भवतो, आणि माझ्या मते या कृतीचे मूल्यमापन त्याच्या उत्तरावर अवलंबून आहे. शेवटी किल्ला जिंकला जातो तो कशाच्या बळावर? खेळाचे दृश्य उत्तर असे : वाड्याच्या. प्रत्येक पिढीने दोन विटा चढविल्या, म्हणून शंभरावा वारस पहिल्यापेक्षा बलवान आहे. आकडे याला साक्ष आहेत. पण या अवधीत दुसरेही काही घडले आहे. चिलखतवाला पहारेकरी वार करण्यापूर्वी क्षणभर थांबतो; भिंतीवरची चित्रे चौकटीसह सुटून अंगावर येतात तेव्हा त्यांच्या उड्डाणाची एक लय असते; उंच कडेवर नुसती उडी पुरत नाही, तेथे शत्रूच्याच माथ्यावर खालून तलवार टेकून पुन्हा उसळी घ्यावयाची असते. हे सारे खेळाडूच्या हातांना कळले आहे. वारसांपैकी एकालाही ते कळलेले नाही, कारण प्रत्येक वारस काल जन्मला. हे ज्ञान वाड्याच्या कोणत्याही दालनात नाही, कॅरनला त्यावर कर घेता येत नाही, आणि कोणत्याही पडद्यावर त्याचा आकडा दिसत नाही. पुनर्जन्माची आठवण लागू पडते ती येथे. देहामागून देह टाकीत जाणारा आणि संचित जवळ बाळगणारा असा जर कोणी या खेळात असेल, तर तो पडद्याच्या बाहेर बसलेला खेळाडू होय.

अशा रीतीने येथे वारसे दोन आहेत : एक मोजलेला, दुसरा न मोजलेला. जुन्या 'रोग' मध्ये दुसराच तेवढा होता. मरणाने सारे हिरावून घेतल्यावर उरे ते फक्त खेळणाऱ्याचे शहाणपण. म्हणून ते मरण निर्दय होते आणि प्रामाणिकही होते. 'रोग लेगसी' ने पहिला वारसा त्याच्या शेजारी आणून बसविला, आणि दोहोंपैकी कोणी विजय मिळवून दिला हे ओळखणे अवघड करून ठेवले. दहा वेळा हरल्यावर अकराव्या वेळी मी जिंकले ते शिकले म्हणून, की बुरूज चढले म्हणून? जुन्या परंपरेचे अभिमानी याला भेसळ म्हणतात, आणि सौम्यपणे 'रोगलाइट', म्हणजे हलका रोग, असे नाव देतात. भेसळीचा आरोप अगदीच निराधार नाही, हे मधल्या भागातील मजुरीवरून दिसतेच. जेथे कौशल्य वाढत नाही आणि केवळ आकडे वाढतात, तेथे मरण स्वस्त होते. मरण स्वस्त झाले की या कुळातील खेळाचा कणा मोडला.

तथापि कर्त्यांना हा धोका दिसत होता असे मानण्यास एक पुरावा आहे. पंधरा किंवा त्याहून कमी आयुष्यांत जो किल्ला जिंकील त्याच्यासाठी त्यांनी एक मानचिन्ह ठेवले आहे. पंधरा पिढ्यांत वाड्याचे काम जेमतेम पायापर्यंत येते. म्हणजे हे मानचिन्ह मिळविणारा बहुतांशी न मोजलेल्या वारशावर जिंकतो. त्या मानचिन्हाचे नाव ठेवले आहे 'थॅनॅटोफोबिया', मृत्युभय. ज्याने मरण स्वस्त होऊ दिले नाही त्याला भित्रा म्हणावे, हा त्यांचा विनोद. पण या विनोदात जुन्या 'रोग'ला केलेला नमस्कारही आहे.

उरला प्रश्न कथेचा. ती अगदी बारीक आहे. किल्ल्यात इतस्ततः सापडणाऱ्या योहानेस नावाच्या पुरुषाच्या रोजनिशीतून ती कळते. गद्य म्हणून ही रोजनिशी सामान्य आहे. माझे लक्ष वेधले ते नावांनी. या सृष्टीचे चार प्रदेश आहेत : हॅमसनचा किल्ला, अबखाझियाचे अरण्य, 'माया' नावाचा उंच प्रदेश, आणि तळाशी अंधाराचा देश. त्यांचे चार अधिपती : खिद्र, अलेक्झांडर, पॉन्स द लिऑन आणि हिरोडोटस. पडद्यावर हे एक प्रचंड डोळा, एक कवटी, एक आगीचा गोळा आणि एक चिखलासारखा लोळ असे दिसतात, त्यामुळे नावे कोठून तरी उचलली असावीत असा समज होतो. पण ती एकाच सूत्रात ओवली आहेत. हिरोडोटसने आपल्या इतिहासाच्या तिसऱ्या पुस्तकात दीर्घायुषी इथिओपियनांच्या एका विलक्षण झऱ्याचे वर्णन केले आहे. सिकंदराच्या मध्ययुगीन आख्यानांत अंधाराच्या देशात अमृतजलाचा शोध चालतो, आणि ते जल सिकंदराला न मिळता खिद्रला मिळते. हाच खिद्र म्हणजे उत्तर भारतात व बंगालात नावाड्यांनी पूजिलेला ख्वाजा खिज्र. अबखाझियातील अंधारप्रदेशाची कथा चौदाव्या शतकातील मँडेव्हिलच्या प्रवासवर्णनात येते. पॉन्स द लिऑन १५१३ मध्ये फ्लोरिडाला पोहोचला, आणि तारुण्याच्या झऱ्याची दंतकथा त्याच्या मरणानंतर त्याच्या नावाला चिकटली. योहानेस हे नावही, माझ्या समजुतीने, त्या कल्पित धर्मगुरु-राजाची आठवण देते की ज्याच्या नावावर ११६५ च्या सुमारास युरोपात एक पत्र फिरू लागले, आणि त्या पत्रातही असा एक झरा होता. चारही अधिपती पडल्यावर सोन्याचे भव्य दार उघडते. त्यामागे उभा असतो रोजनिशीचा लेखक योहानेस. शेवटचा सामना त्याच्याशी, आणि झऱ्याशी.

म्हणजे जिला मी आतापर्यंत बाह्य साज म्हटले ती मध्ययुगीनता आत शिरून पाहता केवळ साज नाही. या कुळाच्या शंभर पिढ्या ज्याच्याविरुद्ध लढल्या ते अमरत्व होते. किल्ल्यात जे बसले आहेत ते न मरण्याच्या शोधाला निघालेल्यांची नावे धारण करून बसले आहेत. आणि ज्याला मरावयाचेच नाही त्याला वारस कसा असणार? उलट बाहेरून येणाऱ्या घराण्याजवळ मरणाखेरीज दुसरे शस्त्र नाही. खेळाचा नियम आणि खेळाची कथा येथे एका बिंदूवर येऊन मिळतात, आणि ज्या कर्त्यांनी पोटाच्या विकारावर विनोद केले त्यांनीच हे साधले आहे, हे लक्षात घेऊन मधला रखरखीतपणा आणि ती यादी यांविषयीची माझी तक्रार मी मागे घेत नसले तरी तिच्यासह या कृतीला वंशकथेच्या परंपरेत जागा द्यावी असे म्हणते. 'माया' या नावाविषयी मात्र अनुमान करण्याचे टाळते. मराठी वाचकाला त्यात जे ऐकू येईल ते कर्त्यांच्या मनात असेलच असे नाही.

हा खेळ मराठीत आणावयाचा झाला तर अडचण रोजनिशीची नाही. ती एका दिवसात होईल. अडचण मरणाच्या त्या एका वाक्याची आहे. वारस मुलगा असो वा मुलगी, इंग्रजी वाक्य दोघांनाही तेच पुरते. फक्त नावाआधी 'सर' किंवा 'लेडी' येते. तीन वारसांच्या त्या ओळीत मुलगे आणि मुली सारख्याच हक्काने उभ्या असतात, आणि कोणाला काही वाटत नाही. आपल्या कायद्याने मुलीला एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मतः समान हक्क दिला तो २००५ साली. मराठीत क्रियापदाला लिंग टाळता येत नाही. प्रत्येक पिढीला ते सांगावेच लागेल : धारातीर्थी पडला, धारातीर्थी पडली, पडली, पडला, पडली. 'मारण्यात आले' असा कर्मणी, सरकारी प्रयोग करून ही जबाबदारी चुकविता येईल. मी तो करणार नाही.